मंगलच्या पेटीतले तीस सेकंद

मंगलची पेटी आठ दिवस आपल्या जेवणाच्या टेबलावर होती. तुमच्या अर्ध्या भागात नाही, माझ्या. तुमचा भाग मी अजून आवरलेला नाही. तारांची भेंडोळी, भिंग, झाकण हरवलेली स्क्रूची डबी, सगळं तुम्ही ठेवलं तसं आहे. माझ्यासारख्या बाईनं एखादी जागा दीड महिना न आवरता ठेवली, यावरून काय ते ओळखा.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत आपली नातवंडं, सई आणि चिन्मय, तिकडे डब्लिनला बसून. तुमचं शिक्षण, नोकरी, बदल्या त्यांना ठाऊक आहेत. ही एक गोष्ट मात्र त्यांना क्रमानं कळायला हवी, आणि सईला तर ती अर्धी ठाऊक आहेच, कारण अर्धी तिनंच निस्तरली. तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंही मधेमधे पुन्हा सांगेन. कंटाळू नका. एकच धडा दरवर्षी नव्यानं शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली.

देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये भाज्यांचं बियाणं तयार करतात, हे मुलांना आठवत असेल. आपण त्यांना एकदा तिथं नेलं होतं आणि चिन्मय हिरव्या जाळीखाली गरमीनं रडला होता. बाया मिरचीची एकेक कळी चिमट्यानं उघडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या झाडाचे परागकण लावतात आणि खुणेसाठी लोकरीचा धागा बांधतात. जाळीच्या आत ऊन फार चढलं की परागकण मरतात, फूल गळतं. म्हणून पाण्याचे बारीक फवारे, ज्यांना तिथं सगळे फॉगर म्हणतात, वेळेवर सुरू करावे लागतात. ती वेळ सांगायला तुम्ही पेट्या केल्यात.

टिफिनएवढी पांढरी पेटी, आत एक सिमकार्ड. दर दहा मिनिटांनी ती आपल्या घरच्या संगणकाला हाक मारायची. संगणक म्हणायचा, बोला. मग पेटी आतली उष्णता आणि दमटपणा सांगायची. उष्णता हद्दीच्या वर गेली की संगणक त्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर घंटी वाजवायचा. अशा अकरा पेट्या, अकरा शेतं. रोज सकाळी चहानंतर तुम्ही पडद्यावरून आकडे वाचायचात आणि मी वहीत खूण करायची. "साखरखेर्डा?" "आलं." "पुढचा?" माझ्या शाळेतली हजेरी सुटली, ती तुम्ही मला अशी परत दिलीत. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते.

पेटीनं कुठं हाक मारायची आणि कशी, हे तिला सांगावं लागतं. संगणकाचा पत्ता, त्याच्या दाराचा क्रमांक, परवलीचा शब्द, या तीन गोष्टी तुम्ही घरीच भरून द्यायचात. चौथी गोष्ट ऐच्छिक होती: "बोला" ऐकू येण्याची वाट किती सेकंद पाहायची. काहीच सांगितलं नाही तर पेटी दहा सेकंद थांबेल, असं तुम्ही ठरवलं होतं. बदल करायचा झाला तर पेटीजवळ उभं राहून मोबाइलवर एक पान उघडायचं. त्या पानावरची मराठी माझी. तुम्ही म्हणत होतात, "इंग्रजी चालते ना, चार तर शब्द आहेत." मी म्हटलं, चालतं तुम्हाला. ज्यांना भरायचं आहे त्यांच्या भाषेत असू द्या. तुम्ही ऐकलंत. त्या चौथ्या खान्याखाली बारीक अक्षरात "ऐच्छिक" असं मीच लिहिलं.

मंगल ही अकरा जणांतली एकटी बाई. तिचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. शेडनेट पूर्ण तिचं. शिकलेली सातवीपर्यंत, पण पेटीतल्या आकड्यांवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा बाकी दहा जणांचा मिळूनही नसेल. होळी झाली आणि तिनं पेटी नव्या शेडनेटमध्ये हलवली. नवी जागा टेकडीच्या मागे, खोलगट. तिथं नेटवर्क रेंगाळत येतं. दहा सेकंद पुरेनात. तुम्ही तिला फोन केलात. मी समोर गवारीच्या शेंगा मोडत होते, फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळं माझ्या कानावर आहे.

"मंगल, शेवटच्या खान्यात तीस टाक. बाकी कायलेच हात लावू नको."

"तीस ना? टाकलं काका."

बदल झाला की पेटी तुमच्या मोबाइलवर एक एसएमएस पाठवायची. तो आला. तुम्ही चष्मा वर केलात.

"शून्य काऊन टाकलं?"

"शून्य नाही काका, तीस टाकलं."

"पुन्हा टाक."

"टाकलं."

"पुन्हा शून्यच आलं ना, बाई. नीट पाहून टाक."

"नीटच पाहून राह्यली मी. तीनवर शून्य. तीसच हाय."

शून्य सेकंद वाट पाहायची म्हणजे काय, हे मुलांना सांगते. एखाद्यानं फोन लावायचा आणि पलीकडे पहिली घंटी वाजायच्या आधीच ठेवून द्यायचा. दिवसभर, दर दहा मिनिटांनी. मंगलची पेटी तेच करत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या शेडनेटमध्ये पारा चढला आणि आपला संगणक गप्प बसला, कारण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मंगल त्या वेळी पलीकडच्या जुन्या शेडनेटमध्ये बायांबरोबर होती. घंटी येईल या भरवशावर होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, धागे बांधलेली निम्मी फुलं खाली पडली."

आणि तुम्ही म्हणालात, "मशीनले खोटं बोलता येत नाही, मंगल. माणसाले येते."

पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "ती खोटं बोलणाऱ्यातली वाटत नाही."

"मंग मी खोटं बोलून राह्यलो?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

"सोमवारी जातो अन् पाहतो," असं म्हणून तुम्ही टीव्ही लावलात. तो विषय तिथं संपला. मी आणखी बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं ठाऊक होतं की तुम्ही असं तोडून बोललात की आतून तुमची खात्री डळमळलेली असते. त्या संध्याकाळी नुसतं "चला, उद्याच जाऊ" म्हटलं असतं तरी तुम्ही निघाला असता. मी म्हटलं नाही. उरलेली भाजी फ्रीजमध्ये ठेवली. आणि सोमवार काही तुम्हाला मिळाला नाही.

तुमच्या तेराव्याला मंगल आली होती. दोन बस बदलून, लेकीला शेजाऱ्यांकडे ठेवून. बायांमध्ये बसली, जेवली, वाढायलाही लागली. सगळे पांगल्यावर तिनं कापडी पिशवीतून पेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. पेटी पुसून स्वच्छ केलेली, तार नीट गुंडाळून रबर लावलेलं.

"काकू, हे तुमचं तुमच्याजवळ असू द्या."

"अगं, का? नीट करून देऊ आपण. सई आहे, ती पाहील."

"मले त्याचं काम नाही असं नाही. पुढं काकडी लावली हाय, तिले तर जास्तच काम पडते. पण खोटी म्हणून नाही ठेवायची मले." मग पिशवीची घडी घालत म्हणाली, "मी तीसच टाकलं होतं काकू. काका गेले, आता कोणाले सांगू."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही तिचे देणेकरी होऊन गेला आहात, आणि ते देणं फेडायला आता मीच उरले आहे, असं मला वाटलं. तुमच्यासाठी मी त्या दिवसांत जे जे विधी केले, त्यातला एकही मला इतका नेमका समजला नव्हता.

सईला मी व्हिडिओवर बोलावलं. ती कॉलेजात हेच शिकते, तरी तुमचा प्रोग्राम उघडताना तिचे हात जरा थबकले. तुम्ही ओळीओळीच्या शेवटी मराठीत टीप लिहून ठेवली आहे, हे तिला माहीत नव्हतं. ती वाचत गेली आणि हसत गेली. "इथे हात लावू नये." "हे का चालते कळत नाही, पण चालते." मग एका ओळीवर ती थांबली. ती ओळ वाट पाहण्याचे सेकंद वाचणारी. शेवटी तुम्ही लिहिलं होतं, "इथे आकडाच येणार."

"आजी, आबांनी इथं तपासलंच नाहीये," ती म्हणाली. "तो डावीकडून एकेक अंक वाचत जातो. पहिलंच अक्षर अंक नसेल तर त्याच्या हातात काहीच लागत नाही. आणि काहीच नाही म्हणजे तो शून्य धरतो. कुणाला काही न सांगता."

"आणि खाना रिकामा सोडला तर?"

तिनं तिकडे करून पाहिलं. "शून्य."

"पण न भरल्यास दहा, असं होतं ना?"

"ते तो खाना मुळातच नसेल तर. आबांनी घरून पाठवलेल्या पेट्यांत ती ओळच नाहीये, म्हणून त्या दहावर चालतात. पण कुणी पान उघडलं, खाना रिकामा ठेवला आणि 'जतन करा' दाबलं, तर तो रिकामा खानाच जतन होतो. मग शून्य."

म्हणजे मी ज्या खान्याखाली ऐच्छिक लिहिलं होतं, तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवून रिकामा सोडणाऱ्याची पेटी मुकी होणार होती. मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? न भरल्यास काय होईल? "दहा धरील ना," तुम्ही म्हणाला होतात, न बघता.

मी पेटी सुरू केली, पान उघडलं, माझ्या मोबाइलवरून तीस भरलं. तुमच्या मोबाइलवर एसएमएस आला: तीस. पुन्हा भरलं. तीस. दहा वेळा भरलं, वहीत दहा खुणा केल्या. पेटी ठणठणीत. मग मी आणि सईनं मिळून एक निष्कर्ष काढला, जो तुम्हाला फार आवडला असता: मंगलनं तीस टाकलं नसणार. खाना रिकामा राहिला असणार, ऐच्छिक वाचून. बिचारीच्या लक्षात नसेल. चूक तिची नाही, आपलीच. फक्त तिनं जे सांगितलं ते खरं नाही. इतका समजूतदार निष्कर्ष काढल्याबद्दल मला जरा बरंही वाटलं.

मी तिला फोन केला. अगदी गोड बोलले. "मंगल, चूक पेटीतच होती बरं का. तू तो खाना रिकामा सोडला होतास ना?"

ती म्हणाली, "तुम्ही बी तेच म्हणता काकू?"

फोन ठेवल्यावर मी पुष्कळ वेळ तुमच्या खुर्चीकडे पाहत बसले. तुमचं वाक्य निदान उघड होतं. माझं तेच होतं, फक्त साखर घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघाले. पेटी पिशवीत, तुमचा मोबाइल पर्समध्ये. चिखलीच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबली. शेजारी एक आजीबाई लिंबं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोठी चालल्या?" मी म्हटलं, "एकीची माफी मागायला." त्या म्हणाल्या, "मंग लिंबं घेऊन जा, सरबत तरी होईल." घेतली.

मंगलनं मला पाहिलं आणि पाट पुढे केला. मी म्हटलं, "मला काही समजावायचं नाही. तू फक्त पुन्हा एकदा कर. तेव्हा केलंस तसंच. मी बघते."

तिनं पेटी चालू केली, आपला मोबाइल जोडला. मी तिच्या मागे उभी राहिले. तिनं पान उघडलं. चौथ्या खान्यावर बोट ठेवलं. खालून कळफलक वर आला, तिनं दोन ठिकाणी दाबलं आणि मोबाइल माझ्याकडे वळवला. "पाहा. तीस."

तीसच होतं. पर्समध्ये तुमचा मोबाइल वाजला. शून्य.

मी तिला म्हटलं, पुन्हा. पुन्हा तीस, पुन्हा शून्य. मी चष्मा पुसला. इतकं सरळ लिहिलेलं होतं की त्यात काही वेगळं आहे हे मला दिसतच नव्हतं. जन्मभर फळ्यावर, पाटीवर, प्रगतिपुस्तकावर बघितलेलं तीस. मग मी माझा मोबाइल काढला, त्यावर तीस लिहिलं आणि दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले. तिच्याकडे ३०. माझ्याकडे 30.

मंगल वाकून बघत होती. "दोन्ही तीसच हाय ना, काकू?"

"हो. दोन्ही तीसच आहेत."

"मंग त्याले माह्यंच काऊन समजत नाही?"

"कारण काकांनी त्याला आपले आकडे शिकवलेच नाहीत. इंग्रजीच शिकवले."

इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या मोबाइलवर पहिल्या दिवसापासून इंग्रजी कळफलक आहे. आकडे तपासले मीच आणि भरलेही मीच, मग माझ्या दहाच्या दहा खुणा बरोबरच येणार. तुम्ही तर सगळं टेबलावरच्या कीबोर्डवर करायचात. आणि पान मराठीत करा हा हट्ट माझा. मराठी पान उघडून, मराठी मोबाइलवर, सांगितलेला आकडा त्या बाईनं मराठीत लिहिला. तुमच्या ओळीच्या शेवटी लिहिल्याप्रमाणे तिथं आकडाच आला होता. तिनं तुमचा विश्वास अक्षरशः पाळला होता.

मंगल पालथ्या क्रेटवर बसली. "म्हणजे मी तीस टाकलं होतं."

"हो."

"अन् काकाले शून्य दिसलं."

"हो. त्यांनाही तेच दिसलं जे त्यांनी सांगितलं. तू खरं बोलत होतीस आणि तेही."

ती पदरानं तोंड पुसून उठली. "लिंबं आणली म्हणता, तं सरबतच करते."

मी तिथं तिची माफी मागितली. आधी माझी, फोनवरच्या गोड बोलण्याची. मग तुमची. तुम्हाला न विचारता मागितली. तुम्ही असता तर स्वतः मागितली असती, असं मी तिला म्हटलं. तुम्ही आधी तासभर प्रोग्रामशी भांडला असता, हे सांगितलं नाही.

तिथूनच सईला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती, तोंडात ब्रश होता. मी दोन मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरले. ती एक मिनिट बघत राहिली, मग ब्रश काढून म्हणाली, "आजी, हे मला दहा वर्षांत सुचलं नसतं. मी तर सगळं इंग्रजीतच टाइप करून बघितलं."

"मी पण," मी म्हटलं.

दुरुस्ती सईनं तीन संध्याकाळी बसून केली. आता पेटीला मराठी आकडे वाचता येतात, इंग्रजीही येतात. खाना रिकामा असला तर तो नसल्यासारखाच धरायचा आणि दहा सेकंद थांबायचं, म्हणजे मी लिहिलेलं ऐच्छिक आता खरं झालं. कुणी मुद्दाम शून्य लिहिलं तर ते शून्यच राहील. सई ते काढून टाकणार होती. मी म्हटलं, उत्तर न मिळाल्यास पेटी काय करते ते टेबलावर तपासताना आबा शून्य लावायचे, ते असू दे. एवढं तुमचं तुम्हाला राखून ठेवलं आहे.

खरा वाद झाला तो उरलेल्या गोष्टीवर. खान्यात काही भलतंच आलं, ज्याचा अर्थ लागत नाही, तर काय करायचं? सईचं म्हणणं, गुपचूप दहा धरावेत. पेटी चालू राहील, कुणाचं अडणार नाही. ऐकायला दयाळू होतं. मी नाही म्हटलं. ती वैतागली. "आजी, शून्यापेक्षा दहा बरे ना?"

तेव्हा मी तिला आपल्या जुन्या भांडणाची गोष्ट सांगितली. मी नुकती मुख्याध्यापिका झाले होते. महिनाअखेरच्या तक्त्यात शाळा सोडलेल्या मुलींचा रकाना असायचा. काही नसेल तर तिथं निरंक लिहायचं, ही सरकारी पद्धत. रिकामा रकाना वर गेला की तक्ता परत येतो. एका वर्गशिक्षिकेनं तो रकाना रिकामा ठेवला होता. तक्ता परत येऊ नये म्हणून मी माझ्या हातानं निरंक लिहून टाकलं. ती मात्र विसरली नव्हती. एक मुलगी पंधरा दिवस आली नव्हती, तिच्या घरी जाऊन आल्यावर लिहू म्हणून तिनं जागा सोडली होती. माझ्या निरंकमुळे सगळ्यांच्या लेखी प्रश्न मिटला. त्या मुलीच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा दोन महिने झाले होते. ती परत आली, पण वर्ष गेलं तिचं. त्या दिवशी घरी येऊन मी रडले आणि तुम्ही म्हणालात, "जे कळलं नाही, तिथं कळलं नाही असं लिहावं. आपल्या मनचं भरू नये." मला तेव्हा तुमचा राग आला होता. उपदेश नको होता, पाठीवर हात हवा होता. आज मात्र तुमचं ते वाक्य मी तुमच्याच प्रोग्रामच्या विरुद्ध वापरलं.

सई म्हणाली, "ठीक आहे. गुपचूप काही धरायचं नाही. पण मग माणसाला सांगायचं काय?" तिनं "अवैध मूल्य" सुचवलं. मी "कृपया योग्य संख्या भरावी" असं सुधारलं. दोन्ही वाक्यं मंगलला फोनवर वाचून दाखवली. ती हसली. "म्हणजे चूक पुन्हा आमचीच ना, काकू?"

"मग तू सांग काय लिहू."

तिनं जे सांगितलं तेच आता एकेका पेटीत भरलं जातं आहे, फक्त तिच्या "मले"चं मी "मला" केलं, त्यावरही ती हसली. "मला हे वाचता आलं नाही. पुन्हा सांगा." पेटी स्वतःकडे घेते. आणि एसएमएसमध्ये आता दोन गोष्टी येतात, माणसानं काय लिहिलं आणि पेटीला काय समजलं. तुमच्या मोबाइलवर फक्त समजलेलं यायचं. ते लिहिलेलं एकदा जरी तुमच्या डोळ्यांसमोर आलं असतं, तर तुम्हाला क्षणात उमगलं असतं, हे मला माहीत आहे. तुम्ही मंगलवर अविश्वास दाखवला असं मी आता म्हणत नाही. मधे बसलेल्या कुणीतरी तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तो मधे बसलेला तुम्हीच घडवला होता, इतकंच.

बाकीच्या दहा पेट्या एकेक करून घरी येत आहेत. परवा साखरखेर्ड्याचे पाटील पेटी घेऊन आले आणि सोफ्यावर टेकता टेकता म्हणाले, "आता काय, काकूच इंजिनियर झाल्या." मी म्हटलं, इंजिनियर डब्लिनला आहे, मी हजेरी घेते. त्यांना पान उघडायला लावलं, मराठीत आकडा भरायला लावला, भलतंसलतं काही भरायला लावलं. त्यांनी "भजे" असं भरलं. पेटीनं अदबीनं सांगितलं की मला हे वाचता आलं नाही, पुन्हा सांगा. पाटील इतके खूश झाले की त्यांनी तीन वेळा भजे भरलं आणि मग मला ते तळावेच लागले.

मंगलची पेटी मी स्वतः नेऊन दिली. तिनं ती खांबाला बांधली, तीस भरलं, आपल्या अक्षरात. आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. टेकडीमागून नेटवर्क यायला खरोखरच वेळ लागला, मी मनात मोजत होते, एकवीसवर पोचले होते तेव्हा पेटीवरचा हिरवा दिवा लागला. तुमचा अंदाज बरोबर होता. दहानं भागलं नसतं.

जाळीतून बाहेर पडताना मंगल म्हणाली, "काकाले हे कळाले पाहिजे होतं."

"मी त्यांना लिहिणार आहे," मी म्हटलं. "मुलांसाठी लिहायचंच होतं."

"मंग त्याच्यात माह्यं बी लिहा. भांडण म्हणून नका लिहू. काका आपल्या जागी बरोबर होते, मी माह्या जागी. नुसतं कळवा त्यायले."

"अजून काही?"

तिनं मागे वळून हिरव्या जाळीकडे पाहिलं, जणू आत जाऊन विचारून यावं की काय असं. मग म्हणाली, "अन् काकडीले कळ्या धरल्या म्हणा."